जखमींचे वर्गीकरण कधी?

इंदुरात एखादे काम व्हावे असे वाटत असेल, तर त्याची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर करावी. स्वच्छतेला गुण ठेवले आणि 2017 पासून हे शहर लागोपाठ आठ वेळा पहिले आले. घराघरातून कचरा सहा प्रकारांत वेगळा होऊन निघतो. जखमींचे मात्र चारच प्रकार करायचे असतात: लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने, हिरवा म्हणजे थांबू शकणारा आणि काळा म्हणजे हाताबाहेर गेलेला. पण या वर्गीकरणाला कोणी गुण देत नाही, त्यामुळे त्याची घाईही कोणाला नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सामूहिक जीवितहानीच्या वेळी काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे 2007 सालीच काढून ठेवली आहेत. कागदाच्या बाबतीत आपली तयारी नेहमीच चोख असते.

30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, याच शहरातल्या पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात बावडीवरचा स्लॅब खचला आणि 36 जण गेले. त्याआधी महापालिकेने नोटीस दिली होती आणि ट्रस्टने धार्मिक भावनांचे उत्तर दिले होते. म्हणजे पत्रव्यवहार वेळेवर चालू होता. बचावासाठी सैन्य बोलवावे लागले आणि काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालले. मदतीची रक्कम मात्र पहिल्याच दिवशी जाहीर झाली. साऱ्या यंत्रणेत जणू तेवढ्याच एका खात्याची रंगीत तालीम झालेली होती. यावर कोणी म्हणेल, बुडालेल्या माणसांना सर्जन काय करणार? बरोबर आहे. तिथे जीव वाचवणारा तास दोर, शिड्या आणि पाणबुड्यांचा होता. पण तो तास हातचा गेला की शस्त्रक्रियागृह कितीही सज्ज असले तरी उपयोग नाही, म्हणून रुग्णालयाची तयारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच सुरू होते. पुढे 6 फेब्रुवारी 2024 ला हरद्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि काही जखमींना भोपाळ-इंदूरला हलवले. हरदा इथून सुमारे दीडशे किलोमीटर, त्यामुळे आवराआवरीला दोन-तीन तास मिळाले. पुढची आपत्ती इतकी सोशिक असेलच असे नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: सरकारी एमवाय रुग्णालय रोजच ओसंडून वाहते, तिथे आणखी शंभर जखमी ठेवायचे कुठे? पण नेमके म्हणूनच सगळ्यांना एमवायला न्यायचे नसते. मोठ्या अपघातात कमी लागलेले लोक दुचाकीवर, रिक्षात बसून आधी पोहोचतात आणि खाटा अडवतात. पोटात रक्तस्राव होणारा मागाहून ॲम्ब्युलन्सने येतो. टोकियोत 1995 च्या सरीन हल्ल्यात एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात सहाशेहून अधिक लोक आले, बहुतेक स्वतःहून. उलट 2013 मध्ये बॉस्टनला मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर जखमी अनेक रुग्णालयांत वाटले गेले आणि तिथवर जिवंत पोहोचलेला कोणी दगावला नाही. त्या शहराने आधी सराव केला होता. अशा वेळी सर्वांत अनुभवी सर्जनने दारात उभे राहून फक्त निवड करायची असते, सुरी हातात घ्यायची नसते. आतल्यांनी रक्त थांबवायचे, पोटात पॅक भरायचे, रुग्ण आयसीयूत पाठवायचा आणि टेबल मोकळे करायचे. देखणी शस्त्रक्रिया उद्या. याला नवी इमारत लागत नाही. फोन कोणी कोणाला करायचा आणि कोणत्या खासगी रुग्णालयाने किती जखमी घ्यायचे, एवढी यादी लागते. हे शहराला जमत नाही असेही नाही. दान केलेल्या एका अवयवासाठी इथे ग्रीन कॉरिडॉर उभा राहतो, सिग्नल थांबतात, पोलीस चौकाचौकात हजर असतात. मंत्र्यांची भेट ठरली की वॉर्डातल्या चादरीही बदलतात. म्हणजे यंत्रणा आहे, फक्त तिला पाहुणा मोठा लागतो.

मॉकड्रिल होतात की, असे सांगितले जाईल. होतात, तारीख आधी कळवून, सकाळी अकराला, फोटोग्राफरसह. त्यातले जखमीही वेळेवर येतात आणि शिस्तीने कण्हतात. खरा सराव रविवारी पहाटे तीनला, कोणाला न सांगता घ्यावा. 2028 चा सिंहस्थ उज्जैनला, इथून तासाभरावर आहे. दरवर्षी रंगपंचमीच्या ‘गेर’ मिरवणुकीला राजवाड्यावर उसळणारी गर्दी तर शहराच्या पोटातच आहे. या आपत्तींच्या शक्यता पंचांगातच छापून येतात, तेव्हा अचानक घडले म्हणायची सोय उरलेली नाही. सरावात पाचवा सर्जन किती मिनिटांत पोहोचला, रक्ताची पहिली पिशवी कधी आली, हे मोजून जाहीर करावे. निकाल वाईट लागला तर उत्तमच. सरावात मेलेल्यांना नुकसानभरपाई द्यावी लागत नाही.