पोटगी थकवणाऱ्या बाबांस

सामनेवाले यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या चिकाटीचं कौतुक कोर्टात करता येत नाही. तिथे मी तुमच्या मुलीची वकील असते.

तुमच्या नावचं वॉरंट पोलीस ठाण्यात जातं आणि शेरा घेऊन परत येतं: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' त्याच संध्याकाळी त्याच पत्त्यावरून तुमचं स्टेटस झळकतं. नवी गाडी, बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात दोन्ही बाजूंना मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं. तुमच्या शपथपत्रात गाडी मित्राची, फ्लॅट आईचा, धंदा मंदीत. तुमच्या नावावर एक मुलगीच काय ती उरली, तीही नाइलाजाने.

पोटगीचं जुनं कलम १२५ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. आकडा बदलला, तुम्ही बदलला नाहीत. थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत हवा. म्हणजे पैसे बुडवायचे तुम्ही आणि कॅलेंडरवर खुणा करत बसायचं मुलीच्या आईने! शिवाय या कलमात उशिराबद्दल व्याजाचा शब्दही नाही. विजेचं बिल लांबलं की जादा आकार लागतो, म्हणून ते तुम्ही वेळेवर भरता. पोरीची फी बिचारी बिनव्याजी, ती थांबते. तारखेच्या दिवशी मात्र साहेब बसायच्या आत पाचेक हजार भरता, वर मुदतीचा अर्ज: 'प्रकृती अस्वस्थ.'

'महिनाभर आत बसलो की फिटलं,' असं तुम्ही व्हरांड्यात कुणाला तरी सांगत होतात. नाही हो. कुलदीप कौर खटल्यात १९८८ सालीच ठरलंय: कैद ही वसुलीची तऱ्हा आहे, देणं त्याने फिटत नाही. बाहेर आलात की बाकी आहे तिथेच.

जयपूरमध्ये २०२३ साली एकाने पोटगीचे ५५,००० रुपये चिल्लर नाण्यांत आणले. कोर्टाने त्यालाच ती मोजून हजार-हजारच्या पिशव्या करायला सांगितल्या. तुम्हीही खुशाल पोती आणा. मुलगी चौथीत आहे. मोजताना अडलात तर तिला विचारा.

आपली,
अर्जदाराची वकील