कलम ८० ईईए यांस, येलदरीहून सप्रेम

प्रति,
माननीय कलम ८० ईईए,
मूळ पत्ता : आयकर अधिनियम १९६१
हल्ली मुक्काम : आयकर अधिनियम २०२५

विषय : पहिल्या घरासाठीची करसवलत मिळणेबाबत, ती मिळत नसल्यास घरापायी भरलेला कर परत मिळणेबाबत.

संदर्भ : आमचे पहिले घर, जे सध्या पूर्णा प्रकल्पाच्या पाण्याखाली आहे.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी मौजे येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो. एक संगणक, एक झेरॉक्स, अंगठा घ्यायचे एक यंत्र आणि मर्जी असेल तेव्हा येणारे नेट, एवढ्या भांडवलावर मी अख्ख्या पंचक्रोशीला शासनाशी जोडून देतो. पीकविमा असो, केवायसी असो, उत्पन्नाचा दाखला असो की घरकुल, अर्ज माझ्याच हातून जातो. लोक विचारतात, "दादा, आमचं नाव कामून नाही आलं यादीत?" मी स्क्रीनकडे बोट दाखवतो. आता स्वतःचाच अर्ज करायची वेळ आली आणि बोट दाखवायला कोणी उरले नाही, म्हणून थेट आपल्याला लिहितो.

आपली कीर्ती मोठी. १ एप्रिल २०१९ पासून आपण पहिल्यांदा घर घेणाऱ्यांच्या मदतीला धावलात. गृहकर्जाच्या व्याजावर कलम २४ची दोन लाखांची वजावट आधीपासून होतीच. त्यावर आपण आणखी दीड लाखाची दिली. आपल्या अटीही माफक. घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांच्या वर नको. कर्ज बँकेचे नाहीतर गृहवित्त संस्थेचे हवे. आणि कर्ज मंजूर होईल त्या दिवशी अर्जदाराच्या नावे दुसरे कोणतेही राहते घर नको.

या शेवटच्या अटीत मी शंभर टक्के बसतो. किंबहुना मला बसवण्याचे काम शासनाने माझ्या जन्माआधीच करून ठेवले आहे. आमच्या आजोबांचे चिरेबंदी घर पूर्णेच्या काठी होते. येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले आणि ते घर जलाशयात गेले. धरणात सुमारे ९३४ दलघमी पाणी मावते, त्यात आमच्या ओसरीवरचेही आले. त्या पाण्यावर साडेबावीस मेगावॅट वीज तयार होते. पुढे सिद्धेश्वर धरणाहून कालवे निघतात आणि परभणी, हिंगोली, नांदेडची शिवारे भिजतात. आमची तक्रार नाही. आजोबा तर म्हणत, आपल्या घरावर तीन जिल्हे जेवतात. सांगायचे एवढेच की, 'अर्जदाराच्या नावे घर नाही' याचा आमच्याइतका पक्का पुरावा आपल्याला मिळणार नाही. दर पावसाळ्यात जलसंपदा विभाग त्याची पातळी मोजून जाहीर करतो.

आपल्या जातीची मंडळी आमच्या घराला भेटायला येतात, पण वेळ चुकवून. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ साली. देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. फक्त तोवर आजोबांचे घर आठ वर्षे भिजत पडले होते. नातवाच्या वेळी नेमके उलटे झाले. आपली सवलत ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. त्यानंतर कर्ज घेणाऱ्याचे घर पहिले असले तरी आपल्या दृष्टीने ते झालेच नाही. आजोबा कायद्याच्या आधी बुडाले, मी कलम संपल्यावर बांधायला लागलो.

आपल्यावर मात्र अशी वेळ आली नाही, याचा आनंद वाटतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१चा कायदा, म्हणजे आपले राहते घर, मोडीत निघाले. पण ते पाडण्याआधीच नव्या कायद्यात आपल्यासाठी नवी खोली बांधून तयार होती. आधी पुनर्वसन, मग विस्थापन. हे जमते, हे पाहून आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विशेष वाटले.

मुदत संपली नव्हती तेव्हाच का आला नाहीत, असे आपण विचाराल. आलो होतो. एका बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी सॅलरी स्लिप मागितली. मी दुकानाचा गल्ला सांगितला. रिटर्न मागितले, मी शून्य कराचे रिटर्न दाखवले. जागेचा कागद मागितला. तो निघाला भोगवटादार वर्ग २चा. शासनाने दिलेली जागा, तेव्हा विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. साहेबांनी फाइल अदबीने परत केली. ज्या शासनाने पहिले घर घेतले, त्यानेच दिलेल्या जागेवर दुसऱ्या घराला कर्ज मिळेना. मग बायकोच्या बचत गटातून उचल घेतली, राहिले ते पाटल्यांवर. त्याचे व्याज बँकेपेक्षा चढे. पण ते आपल्याला चालत नाही. आपल्याला व्याजसुद्धा घरंदाज लागते.

समजा कर्ज मिळाले असते, तरी काय? दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी हिशेब करून पाहिला. जुन्या करप्रणालीत ज्याची कमाई तीस टक्क्यांच्या पायरीवर आहे, त्याचे आपल्या दीड लाखाने उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात. वीस टक्केवाल्याचे ३१,२०० वाचतात. माझे वाचतात शून्य. ज्याची कमाई मोठी त्याला मदत मोठी, आणि ज्याला घर बांधताना पत्र्याचा की स्लॅबचा हा प्रश्न पडतो त्याला कोरडा आशीर्वाद. त्यातच २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि राहत्या घराच्या व्याजाला तिच्यात थारा नाही. २०२५-२६ पासून त्याच प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून देशभर पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. पण शून्यातून वजावट करून देणारे यंत्र माझ्या दुकानात अजून आलेले नाही.

गरिबासाठी दुसऱ्या योजना आहेत, असे आपण म्हणाल. आहेत ना! त्यांचे फॉर्म मीच भरतो. प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये गृहकर्जाच्या व्याजावर पाच हप्त्यांत १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळते. पण ती शहरी. जिंतूरला नगरपालिका आहे, तिथे पहिले घर मोजले जाते. येलदरीला ग्रामपंचायत, इथे नाही. ग्रामीण योजनेत घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात. केंद्राने हा आकडा २०१६ साली ठरवला आणि सिमेंटचा भाव कितीही हलला तरी त्याला हलू दिलेले नाही. तिथे माझे नाव मोटारसायकलमुळे कटले. २०२४ मध्ये ती अट काढली, तोवर माझा पाया भरून झाला होता. दुचाकीपायी मी घरकुलाला श्रीमंत ठरलो आणि उत्पन्नापायी आपल्याला गरीब. तराजूच्या काट्यासारखा मधोमध उभा आहे. माल दोन्ही पारड्यांत पडतो, काट्यावर काही पडत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. मी कर भरत नाही, असे आपल्या दप्तरात नोंदवलेले आहे. ते दुरुस्त करून घ्यावे. सिमेंटवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. दुसऱ्या दिवसापासून १८ झाला. माझ्या घराचा पाया अठ्ठावीस टक्क्यांत गेला आणि स्लॅब अठरा टक्क्यांत पडला. सळईवर अठरा, रंगावर अठरा. २६९ चौरस फुटांचे साधे घरकुल धरा. शंभर पोती सिमेंट, पोते साडेतीनशेचे. जुन्या दराने त्यात कर ७,६५६ रुपये. आठशे किलो सळई, किलो साठ रुपये. त्यात कर ७,३२२ रुपये. दोन्ही मिळून पंधरा हजार झाले. शासन एका हाताने घरकुलाचे १ लाख २० हजार देते आणि दुसऱ्या हाताने दुकानाच्या गल्ल्यातून त्याचा आठवा हिस्सा काढून घेते. नव्या दराने हा हिस्सा दहाव्याच्या आसपास येतो. प्रगती आहे, नाही कशी म्हणू?

हा कर आम्ही सगळेच भरतो. घरकुलवाली मावशी भरते, ऊसतोडीहून परतून भिंत चढवणारा भरतो, मीही भरला. फरक इतकाच की पगारदाराच्या कराला पॅन असतो, म्हणून तो पोर्टलवर दिसतो आणि परत मागता येतो. आमचा कर पोत्यात असतो. पोते फोडले की तो सिमेंटबरोबर भिंतीत जातो.

तो परत मागता येतो, हे मला माहीत नव्हते. पण दुकानात नेट आहे आणि गिऱ्हाईक नसले की मी परदेशी फिरून येतो. ब्रिटनमध्ये स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्याला विटा-सिमेंटच्या पावत्या जोडून त्यावरचा व्हॅट परत मागता येतो. घर पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत एक अर्ज करायचा. त्यांचे म्हणणे सरळ आहे : बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घरावर व्हॅट नाही, मग हाताने बांधणाऱ्यावर कशाला? कॅनडातही स्वतः बांधलेल्या घरावरच्या जीएसटीचा काही भाग परत मिळतो. आयर्लंडमध्ये २०१६ पासून पहिले नवे घर घेणाऱ्याला मागच्या चार वर्षांत भरलेला आयकर परत मिळतो, आता तीस हजार युरोपर्यंत. अर्थात तो आयरिश गडीही आयकरवालाच, म्हणजे आपल्याच गोतातला. आम्हाला सोयरीक जमते ती ब्रिटनच्या पावतीवाल्याशी.

तरी विनंती करण्यात येते की, आपल्या शेजारची एखादी खोली रिकामी असल्यास तिथे एक नवे कलम बसवावे. त्याचा मसुदा मी घरकुलाच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूस लिहून जोडला आहे. ज्याच्या कुटुंबाच्या नावे दुसरे घर नाही, त्याने पहिल्या घराच्या सिमेंट-सळईची पक्की बिले दाखवावीत आणि त्यावरचा कर थेट खात्यात जमा व्हावा. घराचा फोटो जिओ टॅगसह घ्यावा. ती यंत्रणा घरकुलासाठी आधीच गावोगावी फिरते आहे. बँकेच्या कर्जाची अट नको, शहर-खेड्याचा भेद नको आणि शेवटची तारीखही नको, कारण गरिबाचे घर आर्थिक वर्षात पूर्ण होत नाही. यातून सरकारचाही लाभ आहे. परतावा मिळतो म्हटल्यावर येलदरीचा माणूससुद्धा दुकानदाराकडे पक्के बिल मागेल, आणि कच्च्या चिठ्ठीवर जाणारा किती कर सापडेल ते आपले आपणच मोजा.

सोबत जोडले आहे : आधार, रेशनकार्ड, नमुना ८, सिमेंटची बिले (दुकानदाराने दिली तेवढी), बायकोच्या पाटल्यांची तारण पावती.

आमच्याकडून प्रत्येक अर्जासोबत स्वयंघोषणापत्र घेतले जाते : वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. हजारो लोकांचे अंगठे त्यावर मीच घेतले आहेत. या वेळी एक कोरा नमुना आपल्यासाठी पाठवत आहे. मजकूर छोटा आहे : "ज्या कुटुंबाचे पहिले घर शासनाने घेतले, त्याच्या पुढच्या घरावर शासनाने कर घेतलेला नाही. हे खोटे आढळल्यास घेतलेली रक्कम अर्जदारास परत करण्यास मी बांधील राहीन." खाली सही करावी. सही जमत नसल्यास अंगठा चालेल; यंत्र माझ्याकडे आहे, आणि आपल्याकडून फी घेणार नाही.

आपला विश्वासू,
एक फॉर्म भरणारा,
मौजे येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी