मत्स्यखात्याचा ताळेबंद

कुत्रा पाळणाऱ्यांचं बरं असतं. गावाला जायचं तर कुत्र्यासाठी हॉस्टेलं निघाली आहेत, तिथून रोज फोटो येतात आणि कुत्रा नाराज असला तर ते त्याच्या तोंडावर दिसतं. मांजर आपण गेल्याची दखलच घेत नाही. मासा मात्र आपण घरात असतानाही उघड्या तोंडानं काचेपलीकडे बघत असतो आणि नसतानाही तसाच. त्यामुळे त्याला आपली किती गरज आहे हे ठरवण्याचं काम पूर्णपणे आपल्यावर येऊन पडतं. मी ते जरा जास्तच जबाबदारीनं केलं.

आमच्याकडे मासे आले ते मेहुण्याच्या बदलीमुळे. बंगळुरूला जाताना त्यानं फ्रिज नेला, वॉशिंग मशीन नेलं आणि माशांची टाकी ‘थोडे दिवस राहू दे’ म्हणून आमच्या हॉलमध्ये ठेवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरली तर टीव्हीच्या स्टँडवर एक धडधाकट माणूस कायमचा बसवल्यासारखं झालं. आत दोन गोल्डफिश, एक सकर आणि गप्पी. गप्पी नेमके किती, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि मेहुण्यानं आपण होऊन सांगितलं नाही.

मे महिन्यात मालवणला जायचं ठरलं. बायकोनं घर, गाडी, फोंडाघाटातून जायचं की करूळ घाटातून, सगळं ठरवलं. माशांचं काय, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, “काही नाही. आठवडाभर उपाशी राहतात ते.”

हे शास्त्राला धरून होतं, ही त्यातली खरी अडचण. मासा थंड रक्ताचा. अंग ऊबदार ठेवण्यासाठी आपण जेवढं अन्न जाळतो तो खर्च त्याला नसतोच, त्यामुळे धडधाकट, वाढ झालेला मासा आठवडाभर खाल्ल्याशिवाय आरामात काढतो. गोल्डफिशला तर जठरच नसतं, घशाखाली थेट लांबलचक आतडं. म्हणजे ज्याला पोटच नाही त्याच्या पोटाच्या काळजीनं मी रात्री जागा होतो. पण गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची, ही जी गोष्ट सगळे सांगतात ती खोटी आहे. खाण्याची वेळ त्याला पक्की शिकवता येते आणि ती तो महिनोन्‌महिने विसरत नाही. रोज सकाळी मी डबा उघडला की दोघं काचेला नाक लावून उभे. ते मला विसरले असते तर मी सुखानं सोलकढी प्यायलो असतो.

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “काही करू नका.” काही न करण्यासाठी मी कोथरूडहून रिक्षा करून आलो नव्हतो. माझा चेहरा बघून त्यानं मग सुट्टीचा ठोकळा काढला. प्लॅस्टरमध्ये खाद्य कोंबलेलं असतं, ते पाण्यात हळूहळू सुटतं. मी तो तालीम म्हणून आधीच टाकून पाहिला. गोल्डफिशनी तो दिवसभर टाकीभर ढकलला, रात्री सकर त्यावर जाऊन बसला आणि सकाळी पाणी ताकासारखं दिसायला लागलं. ठोकळा बाद.

मग आलं स्वयंचलित यंत्र. टाकीच्या काठावर बसवायचं, आत एक छोटा डबा, तो दर बारा तासांनी एकदा गरकन फिरतो आणि फटीतून दाणे पडतात. फट किती उघडी ठेवायची ते आपण ठरवायचं. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना बोलावून मी प्रात्यक्षिक दिलं. बटण दाबलं, आवाज आला, काही पडलं नाही. पुन्हा दाबलं. फट जरा मोठी केली, पुन्हा दाबलं. टाकीवरच्या दमटपणानं दाण्यांचा गोळा झाला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गोळ्यालाही ते माहीत नसावं, कारण पुढच्या फेरीत तो अख्खा सुटला आणि आठ दिवसांचा शिधा एकदम पाण्यात. गोल्डफिशनी मुंज असल्यासारखा ताव मारला. मुलगी म्हणाली, “बाबा, ह्यांना आता सुट्टीभर काही द्यायला नको.” मी तिला अभ्यासाला पाठवलं. मे महिन्यात.

उरलेलं खाद्य कुजून पाणी बिघडणार हे मला माहीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी महास्वच्छता काढली. मासे बादलीत, पाणी सगळं बदललं, खडी घासली आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून धरून असा पिळला की त्याचा मूळ रंग निळा होता हे घरातल्या सर्वांना प्रथमच कळलं. टाकी आरशासारखी लखलखली. एवढी सुंदर टाकी सोडून मालवणला जायचं जिवावर आलं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळायला लागले.

दुकानदारानं स्पंजाचं ऐकलं आणि गल्ल्यावर डोकं टेकलं. “तो मळ नव्हता हो. ती फौज होती.” मासे अमोनिया सोडतात, बराचसा कल्ल्यांतूनच, आणि तो त्यांनाच विषारी. स्पंजावर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसतं. ही फौज उभी राहायला महिना-दीड महिना जातो. मी ती महापालिकेच्या क्लोरीनच्या पाण्याखाली दहा मिनिटांत निकालात काढली होती, तीही माशांच्या ताटात आठवड्याचं जेवण एकदम वाढून. त्यानं स्वतःच्या जुन्या टाकीतला एक काळपट, चिकट स्पंज पिशवीत घालून दिला. हा फिल्टरमध्ये घाला, रोज पाव टाकी पाणी बदला, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं हवं. स्पंजाचे पैसेही घेतले. रोख पैसे मोजून दुसऱ्याचा मळ घरी आणणारं मी त्या दिवसाचं एकमेव गिऱ्हाईक असावं.

मासे वाचले. यंत्रांवरचा विश्वास मात्र उडाला आणि मी माणसाकडे वळलो. समोरच्या फ्लॅटमधले काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. टाकी सांभाळाल का विचारलं तर त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. “चार्ज रीतसर घ्यावा लागेल,” म्हणाले. संध्याकाळी ते लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि पट्टी घेऊन आले.

“गोल्डफिश?”

“दोन.”

“दोन,” त्यांनी स्वतः मोजून लिहिलं. “सकर?”

“एक. तो त्या लाकडामागे असतो.”

“दिसत नाही.”

“दिवसा दिसत नाही, काका. रात्री निघतो.”

काकांनी ‘एक (मालकाच्या सांगण्यावरून)’ असं लिहिलं. “गप्पी?”

“अंदाजे पंचवीस.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अंदाजे काही ताब्यात घेतलं नव्हतं. मग आम्ही मोजायला बसलो. बोटाच्या पेराएवढे, सतत जागा बदलणारे, एकमेकांची शेपटी धरून फिरणारे मासे मोजून पाहा. माझे चोवीस आले, काकांचे अठ्ठावीस. बरीच घासाघीस होऊन सव्वीसवर तडजोड झाली आणि मी सही केली. सही करताना मला त्या रांजणपोट्या गप्पी माद्या दिसल्या होत्या. छान खाऊन गुटगुटीत झाल्यात, एवढंच माझ्या मनात आलं.

खाद्याच्या रोजच्या पुड्या मी बांधल्या, वर वार लिहिले आणि मोठा डबा लपवून ठेवला. हा एक शहाणपणा मला कुणीतरी शिकवला होता: सांभाळणाऱ्याच्या हाती डबा दिला की तो मायेनं ओततो. भिंतीवर सूचनांचा कागद लावला. सूचना एकवीस झाल्या. काकांनी त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं.

मालवणात पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी फोन. “गप्पी एकसष्ट भरले.”

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, एका वेळी वीस-तीस सहज. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर वेगळे काढूनही उपयोग होत नाही. हे सगळं मी काकांना समुद्रकाठी उभा राहून समजावलं. आवक समजली, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “सत्तेचाळीस.” संध्याकाळी, “एकोणचाळीस. एक तर चोरी होतेय, नाहीतर मला मोजता येत नाहीये, आणि मोजता येतं.”

“खातात, काका. मोठे मासे पिल्लांना खातात.”

“गोल्डफिश?”

“गोल्डफिश खातात, गप्पीही खातात. आईही.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काका हलक्या आवाजात म्हणाले, “हे नावे कुठल्या सदरात टाकू? खाद्य की नुकसान?”

काकांना व्हिडिओ कॉल जमतो, पण टाकीची काच दाखवताना त्यात प्रामुख्यानं त्यांचा बनियनच दिसतो. दुपारी खानावळीत सुरमईची तुकडी समोर आली आणि फोन वाजला. पाणी परत जरा गढूळ वाटतंय, म्हणाले. मी घाबरलो. अमोनिया वाढला की कल्ले लालभडक होतात, म्हणून मी मोठ्यानं विचारलं, “कल्ले नीट बघा. लाल दिसतायत का? डोळे कसे आहेत? पांढरट नाहीत ना? मासा हलतोय का?” बायकोनं पाय दाबला. मान वर केली तर खानावळीच्या मालकीणबाई झारा घेऊन टेबलाशी उभ्या. “मासो सकाळचोच आसा,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन एक कच्चा बांगडा आणून त्याचे कल्ले मला उघडून दाखवले. लाल होते. माझ्या टाकीत ते आजारपण, त्यांच्या टोपलीत ते प्रमाणपत्र. मी बांगड्यालाही हो म्हटलं आणि त्याचं तिखलं बिलात आलं.

गढूळपणाचं कारण रात्री काकूंकडून कळलं. त्या दिवशी एकादशी होती. पुडी बघून काकूंना आधीच वाईट वाटलेलं, एवढ्याशा चिमटीत दोन चांगले जाडजूड मासे कसे राहतील. तशात माशांच्या खाद्यात वाळवलेली मासळी असते, हे त्यांनी पाकिटावर वाचलं. एकादशीला घरातल्या कुणाला मासळी घालणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी भिजवलेला साबुदाणा टाकला. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, पण गोल्डफिशनी चौपट खाल्ला. उरलेला फुगून खडीवर बसला.

मी म्हणालो, परत येतो. बायको म्हणाली, “ये. मी आणि मुलगी तारकर्लीला जातो.” मग मी फोनवरूनच लढाई चालवली. काकांनी पाव टाकी पाणी बदललं. एकविसाव्या सूचनेत मी ‘पाणी बिघडल्यास खाणं पूर्ण बंद’ असं लिहिलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि उरलेल्या पुड्या मोजून कपाटात कुलूपबंद केल्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मुरतो, वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास तर तिसाला साडेसातच. त्यात हवेचा पंप बंद. काकू तांब्यानं पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतत बसल्या, हवा मिसळावी म्हणून. हे मी सांगितलं नव्हतं. दूध गार करताना त्या असंच करतात.

आम्ही परतलो तेव्हा मासे माझ्या जाण्याआधीपेक्षा तरतरीत दिसत होते. पाणी नितळ होतं. शेवटचे तीन दिवस त्यांना कुणी काहीही दिलं नव्हतं. बायको टाकीकडे बघून काही बोलली नाही. बॅगा रिकाम्या करत राहिली, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

चार्ज परत घ्यायला काका त्याच रात्री अकराला आले. हातात रजिस्टर आणि बॅटरी. गोल्डफिश दोन, बरोबर. गप्पी एकतीस, पाच जास्त. जास्तीचे पाच त्यांनी सरळ महापालिकेच्या हिवताप खात्याकडे जमा करावेत असं सुचवलं. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते गप्पी सोडतात आणि रीतसर नोंद ठेवतात, म्हणाले. मी नंतर बघू म्हटलं. राहिला सकर. रजिस्टरात त्याच्यासमोर रोज सकाळी दहाला ‘गैरहजर’ असा शेरा होता, शेवटी शेवटी तर लाल शाईत.

दिवे घालवले. काका बॅटरी धरून टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. पाऊण तासानं लाकडामागून सकर निघाला, काचेला तोंड चिकटवून स्थिर झाला. काकांनी त्याच्याकडे जवळून पाहिलं. हा दुकानात दोन इंचांचा मिळतो आणि पुढे फूटभर, दीड फूट होतो, एवढं मी सांगितलं.

“म्हणजे मी घेतला तेव्हा हा एवढाच होता याला पुरावा काय?” काका म्हणाले. त्यांनी पट्टी काढली, काचेला लावली, पान उलटलं आणि लांबीचा एक नवा रकाना आखायला घेतला.