भावी न्यायमूर्तींसाठी पहिला धडा

उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आज निवडून येत नाही. कॉलेजियम नाव सुचवते, राष्ट्रपती नेमतात आणि वयाच्या बासष्टीपर्यंत खुर्ची हलत नाही. उद्या ही गैरसोय दूर होऊन पाच वर्षांच्या मुदतीची निवडणूक लागली, तर नवख्या वकिलाची धांदल उडू नये म्हणून हे मार्गदर्शन. सरावाला न्हावा शेवा घेतले आहे. समुद्र, जमीन आणि कस्टम, तिन्हींची भांडणे इथे एकाच फाट्यावर भेटतात.

आधी बॅनर. करळ फाट्यावर, ट्रेलरचालकाच्या नजरेच्या उंचीवर, ‘भावी न्यायमूर्ती’. काळ्या कोटावर गॉगल घालावा का, असे होतकरू विचारतात. घालावा. सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही, तेव्हा जागा मोकळीच आहे.

मग हळदी. उरण-पनवेल पट्ट्यात लग्न चुकवलेले चालते, हळद चुकवलीत की संपलात. पाकीट द्यावे, डीजेसमोर दोन पावले टाकावीत. कोणाची केस कुठवर आली ते विचारू नये. लोक स्वतःच सांगतात, फाइलसकट.

भाषणात कॉलेजियमच्या बंद दारावर तुटून पडावे. टाळ्या मिळतात, आणि मुद्दा खोटाही नाही. 1993 पासून नेमणुकांत न्यायाधीशांचाच शब्द वरचढ आहे. तो मोडणारा आयोग 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला. नेमलेल्याला काढणेही सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. रामस्वामी यांना हटवण्याच्या ठरावाला 1993 मध्ये लोकसभेत 196 मते पडली, विरोधात एकही नाही, 205 तटस्थ. ठराव पडला! विरोधात बोटही न उचलता माणूस कसा वाचवावा, हे आपल्या प्रचारप्रमुखाने घोकून ठेवावे.

मेक्सिकोचा दाखला मात्र जपून. तिथे 1 जून 2025 ला न्यायाधीश मतदानाने निवडले. शंभरातले जेमतेम तेरा मतदार फिरकले, आणि कोणाला मत द्यायचे त्याच्या छापील चिठ्ठ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. चिठ्ठ्यांचे तंत्र आपल्याला शिकवायला नको.

खर्चासाठी यार्डवाले, ट्रेलरमालक, क्लीअरिंग एजंट यांना भेटावे. त्यांचे कंटेनर पुढे अडकणार आहेत, हे विसरू नये. ते तर विसरणारच नाहीत.

आता अवघड भाग. 2015 मध्ये पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाने बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी गमावलेल्या 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये द्यायला सांगितले. देणारे कोण? जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको. नवशिक्याने इथे पेन ठेवून बेरीज करावी. घरटी चार मते धरली तरी कोळीवाड्यांची साडेसहा हजार. बंदरावर पोट असलेल्यांची किती, ते रात्री शिफ्ट सुटताना रस्त्यावर उभे राहून मोजावे. त्या न्यायाधिकरणाला ही बेरीज करावी लागली नव्हती. तिथल्या सदस्यांना मुदत होती, पाचच वर्षांची, पण पुन्हा नेमणूक नाही आणि निवडणूक तर नाहीच. मुदत आणि मतपेटी एकाच पिशवीत घालून विकणाऱ्याला हे दोन जिन्नस वेगळे करून मागावेत. (हा सल्ला मतदारांसाठी, उमेदवारांनी ओलांडून पुढे जावे.)

निवडून आल्यावर शपथ. भीती, ममत्व, आकस काहीही बाळगणार नाही, असे त्यात म्हणावे लागते. त्या वेळी यार्डवाल्यांना पहिल्या रांगेत बसवू नये. दुसरी चालेल.