सोडून गेलेल्या उजव्या पायास

श्रीमान उजवे पाय यांस,
पिचरच्या पट्टीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उघडं लिहिते, कारण आपले उद्योगही उघड्यावरच चालतात. मी 24 इंच लांब, 6 इंच रुंद, पांढरी, रबराची. माझ्यापासून होमप्लेट 43 फुटांवर. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचर मुलींनी फलंदाजाकडे चेंडू इथूनच टाकायचा, असा करार आहे. आपण मला रेटा देऊन निघायचं, एवढंच आपलं काम.

आपण मात्र मला नुसतं शिवता, पुढे जाऊन मातीत दुसरं घर करता आणि खरा रेटा तिथून देता. याला म्हणतात क्रो हॉप, कावळ्याची उडी. महाराष्ट्रात म्हणे पिंडाला कावळा शिवला की काम होतं. इथे आपण शिवलात की बिघडतं.

वर वेग वाढल्याचा तोरा! हिशेबच मांडू. समजा, चेंडू ताशी 65 मैलांचा. पिचर तो माझ्यापुढे सहा फुटांवर सोडते. उरले 37 फूट, म्हणजे साधारण 0.39 सेकंद. आपण दोन फूट लाटलेत की उरतात 35 फूट आणि 0.37 सेकंद. रडार गन तेव्हाही 65च दाखवणार, पण समोरच्या मुलीला तोच चेंडू 69 मैलांच्या आसपासचा भासणार. हा वेग कसला? हे मापात पाप! दुसऱ्या रेट्याने थोडी खरी भर पडतही असेल, नाही म्हणत नाही. पण कंबर वळते, पुढचा पाय घट्ट रोवून शरीराला ब्रेक लावतो, हात चाबकासारखा सुटतो. मोठी कमाई त्यांची. त्यांनी कधी मिरवलेलं मी पाहिलं नाही.

बरं, आपल्याला जाच होता म्हणावं, तर तोही उरला नाही. 2024च्या हंगामापासून कॉलेजच्या नियमांनी दोन्ही पाय हवेत गेले तरी चालतील असं ठरवलं. उडा म्हटलं, खुशाल उडा! फक्त मध्येच उतरून नवा रेटा देऊ नका. एवढी एकच अट उरली होती, आणि आपल्याला नेमकी तीच जड झाली.

पंचांना दिसलंच तर त्यांचा डावा हात आडवा होतो, मूठ बंद, आणि फलंदाजाला एक बॉल बहाल. पण त्या क्षणार्धात त्यांनी काय काय बघायचं? चेंडू बघायचा, हात बघायचा, की आपली चरणकमलं?

आपण घासत निघता तेव्हा मातीत उमटणारी रेघ मध्येच तुटली म्हणून मी रडत नाही. उडणाऱ्याची रेघ तुटणारच. माझं बोट आहे पुढच्या त्या खड्ड्याकडे. दुसऱ्या रेट्याने पडलेला, आणि दर चेंडूनंतर आपण बुटाच्या टोकाने हळूच बुजवता, तो.

पंचसाहेब, आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी तो बुजवण्याआधी इकडे एक चक्कर मारा.

आपली पायाखालची,
पट्टी