गैरहजर कूळ

कर्जत-खालापुराच्या माळांवर व विरळ रानांत मृगाच्या सरींसवे जमिनीतून डोके वर काढणारी, भाद्रपदापर्यंत फुलून बी टाकणारी आणि पाने पिवळी पडताच मुळ्यांच्या जुडग्यासह पुन्हा भूमिगत होणारी सफेद मुसळी ही वनस्पती स्वभावाने कितीही निरुपद्रवी असली, तरी महसुली दृष्टीने तिच्यात एक अक्षम्य दोष आहे. तो असा की वर्षाचे सात-आठ महिने ती जागेवर हजर नसते. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना मालक मानले, तेव्हाही बाईसाहेब ऐन उन्हाळ्यात भूगर्भात निद्रिस्त होत्या. मग पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही तलाठ्याच्या दप्तरी त्यांचे नाव रुजू व्हावे कसे?

याउलट शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्या मुंबईकर गृहस्थाची हजेरी मुसळीहूनही कमी भरत असली, तरी त्याच्यापाशी शेतकरी असल्याचा दाखला असतो. त्या बळावर तो माळ खरेदी करतो, जेसीबी लावून सपाट करतो, त्यावर विकतची हिरवळ अंथरतो आणि अंगी पौरुष यावे म्हणून रात्री दुधातून मुसळीचे चूर्ण घेतो. चूर्णाच्या डबीवर बहुधा उधळलेला घोडा असतो. रोपाचे चित्र असते, तर आपण काय उखडले हे तरी त्यास कळले असते. ज्या बोरिवलीचे नाव फादर सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात या वनस्पतीस शास्त्रीय नावातून दिले, तेथील माळांचे काय झाले हे सर्वश्रुतच आहे.

आषाढात ठाकूर-कातकरी बाया फोडशीच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. फोडशी म्हणजे मुसळी व तिच्या भाऊबंदांची कोवळी पाने; ती खुडली तरी मुळी जमिनीत शाबूत राहते. व्यापाऱ्यास मात्र मुळीच हवी असते, आणि बी गळण्याची वाट पाहण्याइतका धीर बाजारभावास नसतो. तरीही रानाच्या नाशाची चर्चा निघाली, की प्रथम संशय येतो तो टोपलीवर. पोत्याची विचारपूस कोणी करीत नाही.

संरक्षणाचा बंदोबस्त मात्र चोख आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगाव समित्या व नोंदवह्या निघाल्या, आणि औषधाच्या नफ्यातील वाटा स्थानिकांस मिळावा असेही ठरले. पुढे २०२३च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्या वाट्यातून मोकळीक दिली. अट एवढीच, की लागवडीचा दाखला हवा. तेव्हा रानातून उपटलेल्या मुळीनेही मुंबईकर गृहस्थाकडून दाखला पैदा करण्याची कला शिकून घ्यावी. शेतकरी म्हणून तिची योग्यता त्याच्याहून कमी भरणार नाही.