कापूरवाल्या काकांस अनावृत पत्र

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बंड्याच्या नाकातून रक्त आलं.

बंड्या म्हणजे सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा, एक कान कायम मोडलेला तपकिरी गावठी कुत्रा. आपण जिन्यात दिसलात की तो शेपटीसकट अर्धं अंग हलवतो. जूनमधल्या एका सकाळी साडेसहाला त्याच्या मालकिणीला स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं, पंजात काच गेली. चारही पंजे उलटेपालटे करून पाहिले, काही नाही. तेवढ्यात बंड्या शिंकला आणि फ्रिजच्या दारावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या चुना लावल्यासारख्या होत्या. पोटाच्या विरळ केसांत टाचणीच्या डोक्याएवढे जांभळट ठिपके उठले होते. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. बंड्याच्या अठरा हजार भरल्या. सलाइनची सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “मध्यंतरी गोचिडी झाल्या होत्या का?”

झाल्या होत्या. फेब्रुवारीत. आणि त्याच आठवड्यात आपलं, स्टीलच्या डबीसह, तिसऱ्या मजल्यावर शुभागमन झालं होतं.

त्या भेटीचा वृत्तान्त सोसायटीच्या इतिहासात नोंदला जावा म्हणून इथे थोडक्यात देण्यात येत आहे. बंड्याला दोन दिवस ताप होता. पोळीकडे तो बघत नव्हता, डोळ्यांना चिकटा येत होता. मालकीण दवाखान्यात नंबर लावायला फोन हातात घेऊन उभी होती. आपण तो फोन हाताने खाली केलात. “डॉक्टर म्हणजे नुसती लूट. आमच्या गावाकडे कुत्र्यांना कुठे होत्या गोळ्या? आणि हे तर गावठी कुत्रं, ह्याला काय होतंय?” असं म्हणून डबी उघडलीत. आत खोबरेल तेलात विरघळवलेला कापूर. सकाळ-संध्याकाळ चोळायचा. शिवाय दुधातून ठेचलेला लसूण. अंगावरच्या चार गोचिडी आपण स्वतः नखाने उपटल्यात, फरशीवर टाकल्यात आणि चपलेखाली चिरडल्यात. त्या ‘फट्ट’ आवाजावर आपल्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते एरवी चौकार बघतानाच दिसतं.

आठ-दहा दिवसांत बंड्या उड्या मारू लागला. मग काय, बाकावर, लिफ्टमध्ये, दूधवाल्यासमोर एकच वार्ता, ‘डॉक्टरचे पैसे वाचवले.’

काका, हे पत्र त्या आठ-दहा दिवसांबद्दल आहे. कापराचा वास तर अजून सोफ्याला येतो, पण तो मुद्दा नाही.

बंड्याच्या रक्तात जो जंतू शिरला त्याचं नाव एर्लिकिया कॅनिस. कुत्र्याच्या अंगावरची नेहमीची तपकिरी गोचीड हा जंतू तोंडातल्या लाळेतून सोडते, आणि त्यासाठी तिला काही तासच पुरतात. सुरुवातीला दोन-चार आठवडे ताप येतो, भूक जाते, कुत्रा मलूल होतो. मग बहुतेक कुत्रे आपणहून सावरल्यासारखे दिसतात. आजार गेलेला नसतो. तो पांढऱ्या पेशींत आणि प्लीहेत दबा धरून बसतो, कधी महिने तर कधी वर्षं. काही कुत्र्यांचं शरीर त्याला संपवतंही. बाकीच्यांच्या बाबतीत तो एक दिवस थेट हाडांतल्या मगजावर, जिथे रक्त तयार होतं तिथेच, घाव घालतो. मग नाकातून रक्त येतं, त्वचेखाली ठिपके उठतात.

म्हणजे फेब्रुवारीत आजाराने डाव बदलला आणि टाळ्या कापराला पडल्या. त्या जागी आपण अंगारा लावला असता, नारळ फोडला असता, नुसता हवामान खात्याचा अंदाज वाचून दाखवला असता, तरीही बंड्या दहा दिवसांत उड्या मारायला लागला असता. त्या दहा दिवसांत करायची एकच गोष्ट होती, रक्ताची तपासणी. तेव्हा डॉक्सिसायक्लिनच्या चार आठवड्यांच्या गोळ्यांत हे प्रकरण बहुधा मिटलं असतं. आणि नेमक्या त्याच दहा दिवसांत तुम्ही फोन खाली ठेवायला लावलात.

‘आपण’ हा शब्द इथून पुढे जमणार नाही. क्षमस्व.

राहिला तुमचा कापूर. तो कुत्रा चाटतो, कारण अंगावर जे लागेल ते चाटायचं हा त्याचा धर्म. पोटात गेलेल्या कापराने झटके येतात. आणि तुमचा लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. गोचिडीतून येणारा दुसरा जंतू, बॅबेसिया, तोही तांबड्या पेशीच फोडतो. म्हणजे शत्रूने वाड्याला एका बाजूने सुरुंग लावावा आणि काकांनी मदतीला म्हणून दुसऱ्या बाजूने.

“पूर्वी कुठे होतं हे सगळं?” हा तुमचा हुकमी पत्ता. पूर्वीही होतं, काका. तुमच्या आजोबांच्या वेळीही होतं. मद्रासमध्ये इंग्रजांची शिकारी कुत्र्यांची टोळी होती. त्या कुत्र्यांच्या रक्तात पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाला 1910 साली बॅबेसियाची एक जात सापडली. पुढे तीच कोल्ह्यांतही सापडली. एर्लिकिया 1935 मध्ये अल्जीरियात ओळखला गेला. व्हिएतनाम युद्धात 1968 ते 1970 च्या सुमारास अमेरिकी लष्कराचे दोनशेच्या आसपास कुत्रे ह्याच आजाराने गेले, त्यांत बरेचसे जर्मन शेफर्ड. त्यांच्याही नाकातून असंच रक्त यायचं. बॉम्ब हुंगून काढणारी ती जनावरं एरंडाच्या बीएवढ्या किड्यापुढे हरली.

“तरी बघा, जर्मन शेफर्डच गेले, गावठी नाही,” हे तुमच्या ओठांवर आलं असेल. तो किल्लाही सोडा. ऑस्ट्रेलियात हा जंतू नाही असंच 2020 पर्यंत धरून चालत. त्या वर्षी तो वायव्येकडच्या किम्बर्ली भागात सापडला आणि उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांमधून पसरला. तिथली कुत्री काही वंशावळीचे कागद घेऊन फिरणारी नव्हती. बंड्यासारखीच अंगणातली, मिळेल ते खाणारी. तीही मेली.

गोचीड नक्की राहते कुठे, हे तरी एकदा समजून घ्या. तुम्ही फेब्रुवारीत चार मारल्यात आणि विजय जाहीर केलात. ही कोळ्याच्या कुळातली बया कुत्र्यावर फक्त जेवायला येते, राहत नाही. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते आणि वर चढू लागते. भिंतीने, पडद्याने, दाराच्या चौकटीने. मग एखाद्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यातून सहा पायांचं, राईच्या दाण्याहून बारीक पिल्लू निघतं. ते कुत्र्यावर जेवतं, खाली पडतं, कात टाकून आठ पायांचं होतं. पुन्हा वर चढतं, जेवतं, पडतं, आणि कात टाकून मोठं होतं. तीन जेवणं, तीन वेळा उतरणं. प्रत्येक वयाला ह्या जातीला कुत्राच हवा आणि उपाशी राहायची वेळ आली तर महिनोनमहिने तयारी. बंड्याच्या मालकिणीने परवा टॉर्च घेऊन बाल्कनीच्या दाराची चौकट तपासली. वरच्या कोपऱ्यात, छत आणि लाकूड जिथे मिळतं तिथे, अकरा गोचिडी ओळीने बसल्या होत्या, लग्नातल्या पंगतीसारख्या. कापूर तिथवर पोचला नव्हता.

बाकीच्या मानकऱ्यांची दखल एकेका ओळीत. सोसायटीच्या कमिटीने उपाय म्हणून गेटवर “भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू नये” असा फलक लावला. चौकटीतल्या पंगतीने तो अजून वाचलेला नाही. दुकानदाराने कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिनचं औषध “मांजरालाही चालतं” म्हणून खपवायचा प्रयत्न केला. पर्मेथ्रिनने मांजर मरतं. कुणाच्या ओळखीतल्या कंपाउंडरने गुरांचं आयव्हरमेक्टिन टोचायची तयारी दाखवली; कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं. आणि “आमचा कुत्रा घरातच असतो” म्हणणाऱ्या दुसऱ्या मजल्याला एवढंच सांगायचं, की गोचीडही घरातच असते.

दवाखान्यात मात्र पत्राचा सूर बिघडला.

तिसऱ्या संध्याकाळी बंड्याच्या पिंजऱ्यापाशी मालकीण बसली होती आणि दारात तुम्ही आलात. डबी नव्हती. तिने मनात चार कडक वाक्यं जुळवून ठेवली होती. तुम्ही बंड्याच्या नाकपुडीवरचं वाळलेलं रक्त बघितलंत आणि हळूच म्हणालात, “आमच्या मोत्याला असंच झालं होतं.”

मग तुटक तुटक सांगितलंत. तुम्ही नववीत होतात. मोत्या तुमच्याबरोबर शाळेच्या बांधापर्यंत यायचा. त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा सगळे म्हणाले, उष्णता बाधली. आईने त्याच्या डोक्यावर कांद्याचा रस चोळला, तुम्ही ओलं फडकं धरून रात्रभर गोठ्यात बसलात. तालुक्याला जनावरांचा दवाखाना होता, पण तो गाईबैलांसाठी. कुत्र्याला तिथवर कोण नेणार? पहाटे मोत्या गेला. “आत्तापर्यंत मी उष्णताच समजत होतो,” तुम्ही म्हणालात.

कडक वाक्यं तशीच राहिली. त्या रात्री नववीतल्या एका मुलाच्या हातात ओल्या फडक्याखेरीज काही नव्हतं. तो मुलगा आता सत्तरीत आहे आणि कुठलंही कुत्रं आजारी दिसलं की रिकाम्या हाताने जायला तयार होत नाही. डबी त्यासाठी असते, हे कळलं. डबीचा राग आला होता, तो पुरता गेला नाही. पण त्याला आता गोठ्याचा वास येतो.

तर काका, आता कामाचं. बंड्याच्या गोळ्यांचा आज अठ्ठाविसापैकी एकोणिसावा दिवस आहे. प्लेटलेट लाखावर गेल्या आहेत. ह्या आजाराची लस नाही आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. त्यामुळे गोचिडीची गोळी आता चुकवायची नाही. डॉक्टरांनी बंड्याच्या वजनानुसार फ्लुरालानेर लिहून दिलं आहे, ते तीन महिन्यांनी एकदा. (अशा गोळ्यांनी क्वचित एखाद्या कुत्र्याला झटके येतात, म्हणून आधीचा इतिहास विचारूनच देतात, तुम्ही ऐकीव सल्ल्यावर इतरांना सुचवू नये, ही विशेष विनंती.) गोळी खाल्लेल्या कुत्र्याला चावल्यावरच गोचीड मरते, म्हणून हाताने शोधणं सुटत नाही. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. रविवारी फटींतून फवारणी आहे, तुमच्या घराचीही दारं उघडी लागतील.

आणि संध्याकाळी सहाला येत जा. बंड्या तुमच्या मांडीवर जितका निमूट पंजा देतो, तितका मालकिणीला देत नाही. काल तुम्ही चष्मा पुसून डाव्या पंजाच्या बेचक्यात एक गोचीड शोधलीत, चिमट्याने अगदी कातडीलगत धरलीत, न पिळता सरळ वर ओढलीत. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग सवयीने तुमचा पाय चपलेकडे गेला. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त हाताला लागू द्यायचं नसतं. मालकिणीने स्पिरिटची बाटली पुढे केली. तुम्ही क्षणभर बाटलीकडे आणि क्षणभर चपलेकडे बघितलंत, आणि नाइलाजाने गोचीड आत टाकलीत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
बंड्याच्या घरची मंडळी

ता. क. : डबी घासून, पुसून सोबत पाठवली आहे. उरलेला कापूर आरतीला वापरावा. बाटलीत आता सात झाल्या आहेत.